दोनशे सात बदकं

ग्रोव्हेर बेट, १४ एप्रिल

इंगुन,

'प्रिय' लिहायचं राहिलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही.

आईचं तपकिरी जॅकेट तू नेलंस. नाही म्हणू नकोस. जानेवारीत तिला पोचवून आल्यावर गावातल्या घरी सगळे कॉफी पीत बसले होते, तेव्हा ते खुंटीवर होतं. तुझी बोट सुटली आणि खुंटी रिकामी झाली. मांजराने नेलं असं म्हणायला आपल्याकडे मांजर नाही. असू शकत नाही, कारण आपण बदकं राखतो. हे ओस्लोत राहून विसरली असशील म्हणून सांगते.

आठवण म्हणून काही हवं होतं तर तिची चांदीची पिन होती, चष्मा होता, वाफल्सचा साचा होता. तुला नेमकं तेच जॅकेट हवं झालं, ज्यात ती सदतीस वसंत या बदकांमधून फिरली. राखण एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा पहिला वसंत जुन्या राखणदाराच्या कपड्यांत काढायचा, हे लहानपणापासून ऐकलेलं तुला मी नव्याने सांगायचं? आईने पहिल्या वर्षी आजीचा स्कर्ट घातला होता. तो तिला इतका तोकडा होता की सगळं गाव हसलं. बदकं हसली नाहीत. ती किनाऱ्यावर चढली आणि घरकुलांत जाऊन बसली.

मी एक तारखेपासून इथे आहे. शेवाळ गोळा केलं, तीनदा उलटून सुकवलं. दगडांच्या कपारी, फळ्यांची खोकी, उलट्या होडीखालची जागा, सगळी घरकुलं झाडून प्रत्येकात शेवाळाची गादी घातली. पाठ मोडून निघाली. आता एडर बदकं समुद्रातून येऊन समोर खाडीत जमली आहेत, दोनेकशे तरी असतील. बघत बसली आहेत. मी माझं निळं जॅकेट घालून बाहेर पडले की आधी नर माना वर करतात, मग सगळा थवा हळूहळू मागे सरकतो. एकही मादी वर येत नाही.

जॅकेट पोस्टाने पाठव. हालवर अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी पोस्टाची बोट आणतो. फोन करू नकोस. फोन बंद करून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आहे. राखणीच्या दिवसांत या बेटावर फोन वाजत नाही, एवढं तरी आठवत असेल.

आणि धुऊ नकोस ते.

रग्ना

ग्रोव्हेर, २९ एप्रिल

इंगुन,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'जॅकेट माझ्याकडे आहे. पोस्टाने पाठवणार नाही. अकरा मेला सुट्टी काढून स्वतः घेऊन येते.'

स्वतः! बावीस वर्षांत तू तीनदा आलीस. तिन्ही वेळा ऑगस्टमध्ये, बदकं केव्हाच समुद्रात गेल्यावर, रानबेऱ्या खायला. आणि आता मेमध्ये येणार, जेव्हा इथे माणसाने खोकतानासुद्धा तोंड उशीत घालायचं असतं? कशाला? माझं काय चाललंय ते बघायला? बदकं येत नाहीत, हे चाललंय. बघून झालं.

वर बुधवारचा प्रकार ऐक. दोन कयाक आल्या. एक नवरा, एक बायको, दोघं नारिंगी जॅकेटांत, पाव मैलावरून दिसतील अशी. वन्यजीव खात्याने धक्क्यावर ही भली मोठी पाटी लावली आहे: पंधरा एप्रिल ते एकतीस जुलै उतरायला बंदी. पाटीचा फोटो काढला त्यांनी! फोटो काढला आणि तिच्याच शेजारी उतरले.

मी धावत खाली गेले. बाई मला म्हणते, "आम्ही फक्त बघायला आलोय हो. अभयारण्यच आहे ना हे?"

म्हटलं, "अभय बदकांना आहे, तुम्हाला नाही! चला, व्हा चालते! पाटी वाचता येत नाही की वाचून कळत नाही?"

तर तो नवरा शांतपणे म्हणतो, "पण ओरडताय तुम्हीच, बाई. आम्ही तर कुजबुजत होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणखी काय काय बोलले ते लिहीत नाही. गेले ते. त्यांच्याबरोबर खाडीतला सगळा थवाही उडाला आणि बाहेरच्या खडकांपाशी जाऊन बसला, तो दोन दिवस तिथेच होता. शुक्रवारी हालवर पोस्ट घेऊन आला आणि दात काढत म्हणाला, "रग्ना, तुझा आवाज पलीकडच्या बेटावर ऐकू आला म्हणतात. बदकांना त्या दोघांनी नाही, तूच हाकललंस." मग बोट सोडता सोडता म्हणतो, "गेल्या मेमध्येही एकदा असंच गडगडलं होतं बघ या बाजूला. आभाळ मात्र स्वच्छ होतं." खाई त्याला खवखवे म्हणतात. मी काहीही खाल्लेलं नाही. त्याला बोलायला माणूस मिळत नाही, म्हणून काहीतरी बरळतो झालं.

येऊ नकोस. जॅकेट पाठव.

रग्ना

ग्रोव्हेर, ८ मे

इंगुन,

तू लिहितेस, 'एवढी घाई कसली? एक वसंत नाही आली तर पुढच्या वर्षी येतील. गेल्या वर्षी दोनशे सात होती म्हणालीस ना?'

हो, म्हणाले. दोनशे सात. आईलाही तेच सांगितलं होतं.

पण बाहेर बसून घाई कसली असं विचारणं सोपं आहे. सलग दोन वर्षं घरकुलं रिकामी राहिली की खातं राखण बंद करतं. घराला कुलूप, माणसाने उतरायचंच नाही, राखणदारानेसुद्धा नाही. जूनच्या शेवटी त्यांचा माणूस मोजायला येईल. यंदाचं हे दुसरं म्हणजे पहिलंच धर, पण पहिलं गेलं की दुसरं जायला वेळ लागत नाही. पणजीपासून चालत आलेली राखण माझ्या हातात आली आणि बुडाली, हे मला गावात तोंड वर करून सांगायचंय का? तुझं काय जातं? तुझं तिथे ऑफिस आहे, बाल्कनी आहे, बाल्कनीत कुंड्या आहेत. माझ्याकडे हे आहे. एवढंच आहे. चाळीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

आणि आता निघालंच आहे तर बोलते. आईचे शेवटचे सहा महिने मी तिच्या उशाशी होते. कंबर मोडल्यापासून ती उठली नाही हे तुला ठाऊक आहे. सूप मी भरवत होते, तोंड मी पुसत होते, पायाची नखंसुद्धा मी कापली. आणि ती कुणाचं नाव घ्यायची? "इंगुनला फोन लाव." मी लावून द्यायची. मग ती मला म्हणायची, "तू जरा बाहेर जाऊन कॉफी घे." मी तुमच्या दोघींच्या गप्पा संपेपर्यंत इस्पितळाच्या व्हरांड्यात यंत्रातली पाणचट कॉफी पीत उभी. दर रविवारी. एकदा तरी वाटलं तुला की आपण ज्या खोलीत बोलतोय तिच्या बाहेर कुणी उभं आहे?

जॅकेट हालवरच्या बोटीवर दे आणि तू धक्क्यावरूनच परत जा.

रग्ना

ग्रोव्हेर, १९ मे

इंगुन,

काल तू गेलीस. तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते, कारण कागदावर आवाज होत नाही.

आपण दोघींनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण कुजबुजत केलं. हसू येईल एखाद्याला. सतरा मे, राष्ट्रीय दिवस, सगळ्या देशात झेंडे आणि बँड, आणि आपल्या टेबलावर नेहमीसारखा कागदी झेंडा, वाफल्स, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या बाया दात-ओठ खात एकमेकींवर फिस्कारताहेत. कप आपटायची सोय नव्हती म्हणून मी वाफल मुठीत चुरडलं. त्याचं लोणी अजून बाहीला आहे.

पण त्याआधीचं. तू अकरा तारखेला आलीस ती तेच जॅकेट अंगात घालून. मी म्हटलं काढ, तू म्हणालीस आधी एकदा फिरून येते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघत होते. दोन पावलं टाकायची नि थांबायचं. हात मागे. ओठ मिटून तो एकसुरी गुणगुणाट, गाणं नाही, काही नाही, नुसता हुंकार. आईच चालत होती. तुला हे कुणी शिकवलं? मला तिने कधी शिकवलं नाही! मला तिने खराटा दिला, शेवाळ उलटायचा काटा दिला, होडीचं सुकाणू दिलं. बदकांमधून ती एकटी फिरायची आणि मला म्हणायची, "तू घरात थांब, तुझे पाय वाजतात."

आणि तेराला सकाळी त्या वर आल्या. आधी एक, तिच्यामागे तिचा पांढरा-काळा नवरा, मग तिघी. एकेका घरकुलात मान घालून बघताहेत, नाक मुरडून दुसऱ्याकडे जाताहेत, नवरे बिचारे बाहेर ताटकळत उभे. तुझ्या बुटांवरून गेली एक! सतरापर्यंत तेरा जणी बसल्या. मी तेरा मोजल्या आणि मला आनंद झाला नाही. तो व्हायला हवा होता, मला माहीत आहे. मला इतका राग आला की मी कोठीत जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसले. शेवाळ मी सुकवायचं, पाठ मी मोडून घ्यायची, सहा आठवडे एकटीने खारवलेला कॉड मासा खाऊन मी काढायचे, आणि बोटीतून उतरून सुट्टीवाली बाई दोन दिवसांत बदकं बसवणार. आयत्या बिळावर नागोबा.

म्हणून टेबलावर मी म्हटलं, "जॅकेट काढ. उद्यापासून मी जाणार."

तू म्हणालीस, "चार दिवस थांब, रग्ना. पक्क्या बसू देत त्या. मग घाल."

"चार दिवस? मी चाळीस वर्षं थांबलेय."

"हळू."

"मला हळू म्हणू नकोस!"

"मग तुला कुणी थांब म्हटलं होतं का?" तू म्हणालीस. "मी म्हटलं होतं? आई म्हणाली होती? तू स्वतः थांबलीस आणि सगळ्या जगाला त्याचं बिल पाठवत बसलीस."

हे वाक्य तू कुजबुजत बोललीस. तरी ते मला आयुष्यभर ऐकू येईल. मी म्हटलं, उद्याच्या बोटीने निघ. तू वाद घातला नाहीस. दारात थांबून फक्त एवढं म्हणालीस, "आई म्हणाली होती की..." आणि मग, "काही नाही." जॅकेट खुंटीला अडकवलंस आणि गेलीस. आता काय म्हणाली होती आई? तिच्याकडून मी आणखी काही ऐकायचं उरलंय का?

आज मी ते घातलं. दुपारी दोन पावलं टाकून थांबले, हात मागे बांधले. गुणगुणलेसुद्धा. जवळच्या घरकुलातली मादी ताडकन उठली, अंड्यांवर विष्ठा टाकली, उडाली. भ्यायली की त्या असंच करतात. तास होऊन गेला, अजून परतलेली नाही.

जॅकेटात काही नाही, इंगुन. त्यांना मीच नको आहे.

रग्ना

ग्रोव्हेर, ३० मे

इंगुन,

तुझं पत्र कालच्या बोटीने आलं. चार पानं. एवढं तू मला एका वेळी कधी लिहिलं नव्हतंस.

म्हणजे तुला उलट्या होडीखाली अंडी दिसली. गेल्या वर्षीची, काळी पडलेली. ते एकच घरकुल मी एप्रिलमध्ये उघडलं नव्हतं. सगळी झाडली असं तुला लिहिलं ते खोटं होतं. त्याच्यापाशी गेले की हात पुढे होत नव्हता. तू उघडलंस, साफ केलंस, नवी गादी घातलीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. मी तुला बेटावरून हाकलत होते आणि तुझ्या पोटात हे होतं! त्याच वेळी तोंडावर फेकायचं होतंस. सोपं गेलं असतं मला.

तर आता माझ्याकडून ऐक, कारण अर्धवट कळलेलं मला आवडत नाही.

गेल्या वर्षी आई इस्पितळात आणि मी इथे पहिल्यांदाच एकटी. दोनशे सात बसल्या होत्या. हा आकडा खरा आहे, मी दोनदा मोजला होता. मग मिंक आला. मुंगसाएवढं जनावर, पण बसलेली मादी उठत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तीन दिवसांत अकरा माद्या मारल्या, माना फोडून तशाच टाकल्या. सापळा रोज रिकामा. सव्वीस मेला सकाळी तो मला उलट्या होडीखालून तोंडाला रक्त घेऊन बाहेर येताना दिसला, आणि मी बाबांची बंदूक घेतली. घरट्यांच्या मधोमध उभं राहून मी गोळी झाडली. शिवाय ओरडत होते, तेही सांगते. राखणदाराची पोर! इथे लाकूड फोडायचं तर आपण पलीकडच्या खडकावर जातो, आणि मी गोळी झाडली. मिंकला लागलीसुद्धा नाही.

सगळ्या एकदम उडाल्या. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो, गोळीचा नाही, पंखांचा. परत आल्या त्या आठ-दहा, त्याही टिकल्या नाहीत. चार दिवसांत गल पक्ष्यांनी अंडी फोडून खाल्ली. खात्याचा माणूस आला तेव्हा मोजायला काही नव्हतं. म्हणून यंदाचं वर्ष दुसरं. हालवरने ऐकलेलं गडगडणं तेच.

आणि मग जुलैमध्ये आईला पिसं दाखवायची वेळ आली. दरवर्षी माद्यांनी छातीची उपटून अंड्यांखाली घातलेली पिसं त्या गेल्यावर काढायची आणि त्यांतली पहिली मूठ तिच्या मांडीवर ठेवायची, तशी. नवी होती कुठे? मी त्याच्या आदल्या वर्षीची पिशवी काढली. ती तर तारांच्या चौकटीवर झटकून साफ केलेली, त्यात कचऱ्याचा कण नाही. म्हणून मी सुकं शेवाळ चुरडून त्यात मिसळलं, नुकतीच घरट्यातून काढल्यासारखी दिसावीत म्हणून. स्वतःवर खूश झाले होते मी. आईने मूठ हातात घेतली, बोटांनी चोळली, डोळे मिटले. म्हणाली, "छान आहेत. किती बसल्या होत्या?" मी म्हटलं, "दोनशे सात."

आता तू लिहितेस की तिने त्याच रविवारी तुला फोनवर सांगितलं: 'रग्नाने मला शिळी पिसं आणली. शेवाळ वरवर आहे, धाग्यात गुंतलेलं नाही. काहीतरी वाईट झालंय तिथे.' साठ वर्षं पिसं झटकलेली बोटं. त्यांना मी फसवायला गेले.

मी किती चिडले आहे ते तुला कळणार नाही. तुम्ही दोघींनी मला सात महिने खोटं बोलू दिलंत! मी दर आठवड्याला तिला काय काय सांगत होते! मालकीणबाई आठवते ना, आपल्या पायरीखाली बसणारी, डाव्या पंखावर पांढरा ठिपका असलेली? तिला सहा पिल्लं झाली म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "सहा? वा!" मालकीणबाई त्या सकाळी उडाली ती मला पुन्हा दिसलीच नव्हती. आई माझी थट्टा करत होती का गं? की कीव? मला दोन्ही नको आहे. तिने मला एक शिवी घालायला हवी होती. 'मूर्ख, बंदूक घेतलीस?' एवढं म्हणाली असती तर मी तिच्या कुशीत डोकं घालून रडले असते. तिने मला कॉफी प्यायला बाहेर पाठवलं.

'तिला काही विचारू नकोस,' ती तुला म्हणाली. 'ती घाबरली की ओरडते. बदकं वर्षभर तिला भितील. माझं जॅकेट तू ने, न सांगता ने, सांगितलंस तर ती कारण विचारेल. मेमध्ये जा आणि बसव त्यांना. चालायचं कसं ते मी सांगते.' म्हणजे दर रविवारी फोनवर ती तुला चालायला शिकवत होती आणि मी व्हरांड्यात.

तुझं पत्र मी पायरीवर बसून वाचलं. बाहेर गार होतं म्हणून जॅकेट घातलं होतं. वाचून झाल्यावर ओरडायचं होतं. कुठे ओरडणार? तेरातल्या बारा अजून बसल्या आहेत, आणि तू गेल्यावरही दोनचार आपणहून आल्या. मग मी नुसती बसले. पाणी गळत होतं डोळ्यांतून, पुसायला हातसुद्धा हलवला नाही, इतकी दमले होते रागाने. किती वेळ ते सांगता येत नाही. तेवढ्यात खालून दगडांवर पावलं वाजली, फट फट. मालकीणबाई. पंखावर ठिपका. माझ्या बुटापाशी थांबली, मान तिरकी करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि माझ्या दोन पायांमधून पायरीखाली गेली.

अडीच तास मी तिथे बसून होते, इंगुन. पायाला मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या, पाय आहे की नाही कळेना. ती आत गादी उकरत होती. मला रडायलासुद्धा नीट मिळालं नाही. शेवटी ती पाण्याकडे गेली तेव्हा उठले, घराला वळसा घातला आणि मागच्या खिडकीतून स्वयंपाकघरात उडी मारली. अठ्ठावन्नाव्या वर्षी. गुडघा फुटलाय. ती परत आली तर पायरीवर पाय देता येणार नाही, म्हणून दार आता बंद.

तू आणि आई दोघींवर मी रागावलेली आहे. हे संपलं असं समजू नकोस.

रग्ना

ग्रोव्हेर, ३ जुलै

इंगुन,

खात्याचा माणूस २९ तारखेला येऊन मोजून गेला. त्यालाही मी खिडकीतूनच आत घेतलं. चांगला जाडजूड आहे, अडकला. "मॅडम, दाराला काय झालंय?" म्हणून विचारत होता. म्हटलं, "दारात बाळंतीण आहे, आवाज खाली ठेवा."

वहीत त्याने विचारलं, गेल्या वर्षी शून्य का? रकान्यात दोन ओळींची जागा होती. मी सांगितलं: राखणदाराने घरट्यांमध्ये गोळी झाडली. त्याने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हटलं, लिहा, तसंच लिहा, नाव रग्ना. लिहिलं त्याने. मला वाटलं आता राखण काढून घेणार. तो म्हणाला, "यंदाची वसलेली घरकुलं एकोणीस. रिकामं वर्ष एकच धरलं जाईल. बंदूक मात्र पोलिसांकडे जमा करा." हालवरबरोबर लगेच पाठवून दिली. तो पठ्ठ्या म्हणतो, "म्हणजे आता गडगडणार नाही?" त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि पायरीकडे बघून मिटलं.

महिन्याच्या वर मी खिडकीतून ये-जा केली. धुणं नाही, रेडिओ नाही, चूलही फक्त वारा समुद्राकडे वाहत असेल तेव्हा. एवढी गप्प मी उभ्या जन्मात बसले नव्हते. गप्प बसलं की आपला राग किती मोठा आवाज करतो ते कळतं. अर्धा तुझ्यावरचा नव्हता. उरलेला अर्धा मात्र तुझ्यावरचाच आहे, तो मी ठेवून घेतला आहे.

पिसं काढायला घेतली. एकोणीस घरट्यांची, म्हणजे एक उशीसुद्धा होणार नाही. सोबतच्या पाकिटात पहिली मूठ आहे. आईच्या मांडीवर ठेवता येत नाही म्हणून तुला पाठवते आहे. झटकलेली नाहीत. बोटांनी चोळून बघ, शेवाळ आत गुंतलेलं लागेल.

जॅकेट खुंटीवर आहे. ते पुन्हा नेऊ नकोस. दहा एप्रिलच्या आत इथे ये, ते घाल, आणि मला ते चालणं शिकव. माझे पाय वाजतात हे मला माहीत आहे, ते सांगत बसू नकोस, शिकव.

काल सकाळी मालकीणबाई पिल्लं घेऊन पाण्यात उतरली. मी खिडकीतून बघत होते. चार होती. सहा नाही, चार. दोनदा मोजली.

रग्ना